स्क्रीन सुटेपर्यंत

जानेवारीत आलेल्या तीनशे बारा तक्रारींपैकी दोनशे सत्त्याण्णव तक्रारी एकाच गोष्टीच्या होत्या. फक्त शब्द वेगळे. ‘अ‍ॅप गोठतं.’ ‘बटण दाबल्यावर फोन मरतो.’ रावेरकडच्या एका लाइनमनने लिहिलं होतं, ‘मॅडम, तुमचं अ‍ॅप म्हणजे आमच्या सासूबाई. एकदा बसल्या की उठायचं नाव नाही.’

ती सासूबाईंची तक्रार मी छापून टेबलासमोर चिकटवली. जळगावातल्या आमच्या सहाजणांच्या कंपनीत परमिटचं अ‍ॅप माझ्या गळ्यात होतं.

परमिट म्हणजे काय ते मला आधी ठाऊक नव्हतं, ताईच्या लग्नानंतर ठाऊक झालं, कारण दाजी लाइनमन आहेत. खांबावर चढण्याआधी लाइनमन सबस्टेशनला फोन करायचा. ऑपरेटर त्या भागाचा पुरवठा तोडायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायचा आणि एक नंबर सांगायचा. नंबर मिळाला की लाइन मेलेली आहे असं समजून हात घालायचा.

२०३४च्या मोठ्या अंधारानंतर हे पुरेनासं झालं. त्या वेळी अर्धा खानदेश चार दिवस विजेशिवाय होता. नंतर सरकारने शेतांवरच्या आणि छपरांवरच्या सौर पॅनेलांना नव्या जातीचे इन्व्हर्टर सक्तीचे केले. जुना इन्व्हर्टर लाइनमध्ये वीज असेल तरच चालायचा, ती गेली की गप्प बसायचा. नवा इन्व्हर्टर स्वतःच ताल धरतो. सेकंदाला पन्नास आवर्तनांचा प्रवाह तो स्वतः निर्माण करतो, शेजारचा इन्व्हर्टर त्याच्या तालात ताल मिसळतो, आणि सबस्टेशन बंद पडलं तरी गाव उजळलेलं राहतं. गावाला हे फार चांगलं. खांबावरच्या माणसाला मात्र भीतीचं. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. वरून येणाऱ्या अकरा हजार व्होल्टचे तो घरासाठी दोनशे तीस करतो, आणि खालून कुणी दोनशे तीस पाठवले तर तितक्याच इमानदारीने त्यांचे अकरा हजार करून वर तारेत सोडतो.

म्हणून आमचं अ‍ॅप. लाइनमनने बटण दाबलं की सबस्टेशनचा पुरवठा तुटतो, आणि मग खरं काम सुरू होतं: या तुकड्याला कुठल्या-कुठल्या वाटेने कुणाची वीज येऊ शकते ते शोधायचं, त्या प्रत्येक इन्व्हर्टरला रेडिओवरून ‘शांत हो’ म्हणायचं, त्याचं उत्तर तपासायचं. वादळात मोबाइलचं नेटवर्क आधी जातं, त्यामुळे हे सगळं गणित फोनवरच करावं लागतं. फोनच्या पाठीला काडेपेटीएवढा रेडिओ लावलेला असतो. गावातल्या लाइनवर वीस इन्व्हर्टर, तीन सेकंदांत काम होतं. केळीच्या पट्ट्यात एका लाइनवर दोनशेच्या वर. तिथे एक्केचाळीस सेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ फोन दगड.

दगड का, ते सोपं आहे. फोनमध्ये स्क्रीन रंगवणारा धागा, आम्ही थ्रेड म्हणतो, एकच असतो. तो सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा चित्र काढतो आणि तुमच्या बोटाचा स्पर्शही तोच ऐकतो. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस समजा. ‘यावल गाडी लागली का?’ असं कुणी विचारल्यावर तो स्वतःच उठून फलाटावर बघायला गेला, तर खिडकीपुढची रांग खोळंबते. त्याने आतल्या दुसऱ्या माणसाला पाठवायला हवं आणि स्वतः खिडकीत बसून राहायला हवं. आधीच्या प्रोग्रॅमरने गणित खिडकीतल्या माणसाला दिलं होतं. मी ते मागच्या धाग्यांवर टाकलं. पंधरा दिवसांचं काम. त्यानंतर बटण दाबताच स्क्रीन मोकळी राहायची, वर ‘सबस्टेशन बंद’ असं दिसायचं आणि खाली ‘इन्व्हर्टर शांत होत आहेत, इतके टक्के’ असा आकडा सरकायचा. शंभर झाले की हिरवी टिक. माझ्या टेबलावर चार वेगवेगळे फोन चार्जरला लावून ठेवलेले होते. चारही फोनांवर मी हजार-हजार वेळा चालवून बघितलं. एकदाही अडकलं नाही.

पहिला फोन दाजींना दिला. त्यांनी अंगणातच बटण दाबलं आणि अंगठा स्क्रीनवर वरखाली फिरवला.

“अगं, बघ! तुझी बहीण शिकली खरी,” ते ताईला म्हणाले. “लोण्यासारखं चालतंय. मला वाटलं होतं, हिला फक्त चहात साखर विसरता येते.”

“दाजी, तो चहा एकदाच झाला होता.”

“एकदाच पिला म्हणून, मेहुणीबाई.”

अठरा मेला नवी आवृत्ती बत्तीसशे फोनांवर गेली. आठवड्यात तक्रारी तीन. आमचे फालक सर एरवी कौतुकाला फार कंजूष. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की अडकण्याच्या तक्रारी महिनाभर दहाच्या आत राहिल्या तर वीज कंपनीचं काम पुढची पाच वर्षं आपलं. “अश्लेषा, आता त्याला हात लावू नकोस,” ते म्हणाले.

सव्वीस मेला रविवार होता. मी यावलला ताईकडे गेले होते. दुपारी तीनला वादळ आलं. पाऊस नावापुरता, नुसता वारा आणि धूळ. शिरपूरपासून रावेरपर्यंतची सगळी केळी त्या अर्ध्या तासात आडवी झाली. घरातली वीज गेली नाही, छपरावरचा इन्व्हर्टर चालू होता, पण फोनची रेंज गेली. चार वाजता दाजी आणि त्यांचे जोडीदार रफिक तडवी जीप घेऊन डोंगरकठोऱ्याकडे निघाले. तिकडच्या लाइनचे तीन खांब वाकले होते.

ताई आणि मी अंगणातला पत्रा उचलत होतो. मी सहज म्हटलं, “आज खरी परीक्षा आहे माझ्या अ‍ॅपची.”

“तुझ्या अ‍ॅपने यांचा एक खेळ बंद केला मात्र,” ताई हसली. “अंगठ्याचा.”

“कसला अंगठ्याचा?”

“अगं, फेब्रुवारीत नवीन पोरं आली ना भरती होऊन, बत्तीस जण. त्यांना यांनी इथेच बसवून शिकवलं. म्हणे, वाचत बसू नका. उन्हात दिसत नाही, हातात मोजे, निम्म्या फोनांच्या काचा फुटलेल्या. बटण दाबा आणि अंगठा फिरवत राहा. स्क्रीन हलत नाही तोवर लाइन जिवंत. स्क्रीन सुटली की लाइन मेली. सगळे मिळून अंगठे फिरवत बसले होते, मला इतकं हसू आलं...”

मी पत्रा खाली ठेवला.

“हे फक्त दाजी करतात?”

“सगळेच करतात. पहिल्यापासून.”

“नवीन अ‍ॅप आल्यावर दाजी काय म्हणाले? नीट आठव, ताई.”

“काय म्हणणार! म्हणाले, आता लाइन लगेच मरते. अशूने काहीतरी जादू केली.”

ज्या एक्केचाळीस सेकंदांना मी दोष समजत होते, तीच त्यांची खूण होती. माझ्या टक्क्यांकडे, माझ्या हिरव्या टिककडे कुणी बघतच नव्हतं. त्यांनी अ‍ॅपचं अडकणं वाचायला शिकून घेतलं होतं, आणि ते वाचन अगदी बरोबर होतं. मी अडकणं काढून टाकलं. आता बटण दाबताच स्क्रीन हलायची, म्हणजे त्यांच्या लेखी लाइन मेलेली, आणि त्या क्षणी दोनशे इन्व्हर्टर तारेत वीज सोडत असायचे.

आठवडाभर काही झालं नव्हतं, कारण सगळी कामं छोट्या लाइनींवरची होती. तीन सेकंदांत कुणी खांबावर चढत नाही.

दाजींना फोन लावला. लागणार नव्हताच.

एक मार्ग होता. नवी पद्धत बिघडली तर परत फिरता यावं म्हणून मी अ‍ॅपमध्ये एक खटका ठेवला होता: ‘जुनी पद्धत’. तो चालू केला की गणित पुन्हा स्क्रीनच्या धाग्यावर जाणार आणि फोन पुन्हा दगड होणार. इन्व्हर्टर एकमेकांशी रेडिओवर बोलतात, त्यांच्यामार्फत तो खटका नेटवर्कशिवायही पोचवता येत होता. मी लॅपटॉप काढून ताईच्या छपरावरच्या इन्व्हर्टरला जोडला. फालक सरांना विचारायची सोय नव्हती, आणि सोय असती तर त्यांनी काय सांगितलं असतं हे मला माहीत होतं. भर वादळात अख्ख्या तालुक्याचे फोन अडकवायचे होते, आणि त्या आदेशावर नाव माझं राहणार होतं. मी बटण दाबलं.

यावल तालुक्यात एकतीस फोन. उत्तरं येऊ लागली. सात. एकोणीस. सव्वीस. तीस.

एकतिसावा राहिला. युवराज साळुंके, डोंगरकठोरा. त्यापुढे अक्षरं: ‘काम सुरू असल्याने बदल घेतला नाही. ३८ टक्के.’

हे वाक्य मीच लिहिलेलं होतं. चालू कामाच्या मध्येच पद्धत बदलली तर गणित बिघडेल म्हणून.

“दाजींनी बटण दाबलंय,” मी म्हणाले. “होईल आता. ३८ आहे, अजून पंचवीस सेकंद.”

पंचवीस सेकंद झाले. ३८. मिनिट झालं. ३८.

“का थांबलं गं?” ताईने विचारलं.

मला कळलं आणि मी उठलेच. स्क्रीन बंद झाली की फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागच्या धाग्यांना झोपवतो. चार्जर लावलेला असेल तर झोपवत नाही. माझे चारही फोन चार्जरला होते. पूर्वी स्क्रीन अडकलेली असायची म्हणून माणूस फोन हातात धरून तिच्याकडे बघत उभा राहायचा, ती विझू द्यायचा नाही. आता ती सुटते म्हणून तो फोन बंद करून खिशात टाकतो.

“ताई, फोन त्यांच्या खिशात आहे. ते चढताहेत. लाइन मेलेली नाही.”

ताईने लगेच स्कूटर काढली. डोंगरकठोरा आठ किलोमीटर. वाटेत तीन ठिकाणी केळीचे खांब आडवे होते. दोन आम्ही ओलांडले, तिसऱ्याला शेतातून वळसा घातला. त्या मातीत चाक रुतलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

“चूक तुझी आहे का?”

“हो.”

“ढकल मागून.”

जीप दिसली. वाकलेला खांब आधी दोरांनी ताणून बांधलेला होता, त्यातच त्यांचा वेळ गेला असणार. खांबाखाली रफिककाका मान वर करून उभे. वर दाजी, कमरेला पट्टा, तारेपासून दीड-दोन हात खाली, एका हाताने झोळीतून पाना काढत. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ताईने मागून माझ्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की दात ओठात रुतले.

“खांबावरच्या माणसाला हाक नाही मारायची,” ती माझ्या कानात म्हणाली. “दचकून वळतो आणि जे जवळ असेल ते धरतो.”

ती चालत, पळत नाही, रफिककाकांजवळ गेली. हळू आवाजात काहीतरी बोलली. काकांनी मागे वळूनही बघितलं नाही. पक्कड घेऊन त्यांनी खांबावर दोन ठोके मारले, सावकाश. दाजींनी खाली पाहिलं.

“युवराज,” काका अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, “हात छातीशी, भो.”

दाजींनी दोन्ही हात छातीशी घेतले.

“आता फोन काढ. हात वर न नेता. स्क्रीन चालू कर आणि काय लिहिलंय ते वाच.”

“वाचू?”

“वाच रे बाबा, एकदा तरी.”

दाजी पट्ट्यावर रेलून फोनच्या फुटक्या काचेत बघू लागले. “इन्व्हर्टर शांत होत आहेत. अडतीस टक्के... चाळीस... त्रेचाळीस.” त्यांचा आवाज बदलला. “ही इथे आहे का? अशू?”

“हो, दाजी. हलू नका. वाचत राहा.”

“एकसष्ट... सत्तर...” वाऱ्याने तार हलली तसे ते मागे झुकले. “नव्याण्णव. इथे थांबलं. दोनशे अकरा शांत. एक इन्व्हर्टर: उत्तर नाही.”

कुठल्यातरी शेतातल्या पंपघराचा अँटेना वादळात पडला असणार. वाकलेल्या खांबांमुळे हा तुकडा बाकी लाइनीपासून तुटला होता. एवढासा तुकडा जिवंत ठेवायला एक इन्व्हर्टर पुरतो.

“उतर,” काका म्हणाले.

दाजी उतरले. काकांनी जीपमधून अर्थिंगचा रॉड आणला, तारेतली उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारा. अ‍ॅप आल्यापासून तो सीटखालीच पडून असायचा. जमिनीत खुंटी ठोकली, रॉडची वायर तिला बांधली आणि रॉडचा आकडा वर तारेला लावला. निळी ठिणगी उडाली आणि कापड टरकावं तसा आवाज झाला. दूर केळीच्या शेतात काहीतरी ठक्कन बंद पडलं.

ताई जागीच खाली बसली. दाजी तिच्याजवळ गेले नाहीत, माझ्यापुढे आले.

“म्हणजे लाइन लगेच मरत नव्हती.”

“नाही. फक्त स्क्रीन लगेच सुटत होती. लाइनला तेवढाच वेळ लागत होता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मला अंगठ्याचं माहीत नव्हतं, दाजी. मी कधी विचारलंच नाही तुम्ही कसं बघता ते.”

त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. मग म्हणाले, “बत्तीस पोरं शिकवली मी. कुणी शिरपूरला आहे, कुणी चोपड्याला. वादळ सगळीकडे झालंय.”

गावामागच्या टेकडीवर मध्य प्रदेशातल्या टॉवरची रेंज मिळते हे काकांना माहीत होतं. जीप तिथे चढवली. मी तोच खटका सगळ्या बत्तीसशे फोनांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तरं आली. चौदा सोडून सगळे बदलले. चौदा फोनांवर काम सुरू होतं आणि चौदाही आकडे थांबलेले होते. म्हणजे चौदा फोन खिशात.

“स्क्रीन उजळली तर पुढे सरकेल ना?” दाजींनी विचारलं. “मघाशी सरकलं.”

“हो. पण उजळवणार कोण?”

“फोन वाजला की उजळत नाही का?”

हे मला सुचायला हवं होतं. उत्तरं आली होती म्हणजे तिकडे रेंज होती. आम्ही चौघांनी यादी वाटून घेतली. ताईसुद्धा लावत होती. पहिला माणूस खालीच उभा होता. दुसऱ्याने उचलून शिव्या घातल्या, काकांनी त्या आनंदाने ऐकून घेतल्या. काहींनी उचललाच नाही, पण रिंग वाजेपर्यंत माझ्या लॅपटॉपवर त्यांचे आकडे सरकले आणि शंभरला जाऊन टिक झाली. मग पाच-दहा मिनिटांनी त्यांचे फोन आले. तेरा झाले.

राहिला कैलास बारेला, शिरपूर. बत्तीसपैकी एक. ५२ टक्के. दाजींनी लावला. रिंग जात होती. ५३. ५८. रिंग संपली, आकडा थांबला. ७१. पुन्हा लावला. ७२. ८०. ९४. टिक आली ती पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं आणि नऊ सेकंदांनी. सत्तेचाळीस एकतीसला फोन उचलला गेला.

“बोला गुरुजी.”

“कुठे आहेस रे?”

“वर आहे. आत्ताच वायर धरली. तुमच्या फोनमुळे दोनदा थांबावं लागलं. अर्जंट आहे का?”

दाजींनी डोळे मिटले. “नाही. सावकाश काम कर. उतरलास की लगेच फोन कर, चहाबिहा नंतर.”

त्यांनी फोन ठेवला आणि टिकची वेळ विचारली. मी सांगितली. ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

“मी उद्याच बत्तीसही जणांना बोलावतो,” ते म्हणाले. “शिकवलेलं परत घेतो. पण याचा फोन येईल तो तू उचल.”

“मी काय सांगू?”

“जे झालं ते. माझा वाटा मी सांगेन, तुझा तू सांग.”

रफिककाका जीपच्या बॉनेटवर बसून तंबाखू मळत होते. खाली पट्ट्यात एकेक पंपघर पुन्हा चालू होत होतं. फालक सरांचे तोवर सहा फोन येऊन गेले होते. बत्तीसशे अ‍ॅप अडकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. मी त्यांना एका ओळीत लिहिलं, ‘मी केलंय, उद्या सांगते,’ आणि पाठवून टाकलं.

सव्वासहाला दाजींचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“कैलास,” मी म्हणाले, “मी अश्लेषा सपकाळे. तुमच्या फोनमधलं अ‍ॅप मी लिहिलंय. पाच मिनिटं आहेत का?”